सुटा ठिपका

३ मार्च
आले एकदाची सोलापुरात! अक्कलकोट रोडला राजेश्वरीअक्कांचा चादरीचा कारखाना आहे, तिथे आजपासून डिझायनर म्हणून रुजू. खोली कारखान्याच्या माडीवरच. जन्मात पहिल्यांदा एकटी राहतेय. निघताना आई रडली, “अपेक्षा, रोज फोन कर गं,” म्हणाली. मी हो म्हटलं आणि इथे पोचल्यावर कडक भाकरी नि शेंगाचटणीवर ताव मारण्यात विसरूनही गेले. माझ्याआधी शिवयोगी नावाचा डिझायनर याच खोलीत एकटा राहायचा. अक्का म्हणाल्या, एक दिवस चप्पल दाराशी टाकून गेला तो गेलाच.

५ मार्च
पहिली ऑर्डर पंजाबची. सुरजितसिंग नावाच्या म्हाताऱ्या मास्तरांना आईच्या आठवणीत वाटायला शंभर चादरी हव्यात, तिचं नाव पंजाबी लिपीत विणलेल्या. त्या नावात एक अक्षर आहे: ल, आणि त्याच्या पायाशी ठिपका. उच्चार आपल्या ळ-सारखा. संगणक प्रत्येक अक्षर आकड्याने ओळखतो; याचे तो दोन आकडे करतो, ल-चा वेगळा, ठिपक्याचा वेगळा. नमुना विणून आला तर ठिपका गायब! शिवयोगीने सॉफ्टवेअरला सफाई लावून ठेवलीय. स्कॅनमध्ये धुळीचे डाग येतात, म्हणून सुटा दिसेल तो ठिपका पुसायचा. मास्तर फोनवर म्हणाले, ठिपका नसेल तर ते माझ्या आईचं नावच नाही. मी शब्द दिला.

७ मार्च
सफाई बंद केली, तरी ठिपका गेला. दोघांना मिळून एक आकडा आहे, तो दिला. फाईल जतन करताच त्याचे पुन्हा दोन तुकडे, आणि ठिपका साफ. मागावरचे मायाप्पा म्हणाले, “पोरी, त्या सफाईच्या नादी लागू नगंस. शिवयोगी बी ती बंद करायला गेला हुता.” म्हटलं, मी काय शिवयोगी हाय व्हय?
आज अक्कांच्या कपाळावर कुंकू नव्हतं. त्या म्हणतात, सकाळी लावलं होतं.

१० मार्च
हनुवटीवरचा तीळ गेला. जन्मापासूनचा. आधारकार्डावरच्या फोटोतूनही गेला. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाईच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पुसल्यात, नुसते पांढरे डोळे. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. अक्का म्हणाल्या, ऑर्डर सोडून देऊ, तू घरी जा. नाही जाणार. तीळ माझा होता. शब्दही माझाच आहे.

११ मार्च
सापडलं! सफाईच्या आड जे काही आहे ते फक्त सुटं असेल तेवढंच नेतं. ठिपका एका बारीक धाग्याने अक्षराच्या पायाला बांधला. लांबून दिसतही नाही. नमुना आला, ठिपका जागच्या जागी! मास्तरांना फोटो पाठवला, त्यांनी फोनवर आईचं नाव मोठ्याने वाचलं. शंभर चादरी मागावर चढल्या. आता पुस बघू.

संध्याकाळी — वहीत पूर्णविराम दिला की पुसला जातोय — चिडलंय ते — चिडू दे, मी रेघा मारीन —

१२ मार्च
दुपार — आता अनुस्वारही पुसले जाताहेत — खाली माग चालू आहे, आवाज येतोय — ठिपका शाबूत —

पण खिडकी गेली — खाट गेली — भिती उरल्या त्याही कोऱ्या —

माझी चप्पल दाराशी आहे — दारच नाही —

आता कळले — या माडीवर सुटी मीच — नऊ दिवस झाले, आईला एकदाही फोन केला नाही —

नाही जायची मी — ऐकलेस का — मास्तराच्या आईला हात लावू दिला नाही, मलाही लावू देणार नाही —

आईला फोन लावलाय — डावा हात दिसेना, उजवा आहे, लिहितेय —

उचलला — आई, बोलत राहा, ठेवू नको — मी अपेक्षा — तुझी अपे