‘सात टकल्यांचा सूड’, घरबसल्या

२२ ऑक्टोबर, पाडवा. सकाळी ७.१०

संकल्प. ‘सात टकल्यांचा सूड’ हा कुंगफू पिक्चर मी दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणणार. लोकांनी घरी बसून बघायचा. डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह, दोन्ही. गड्ड्याच्या यात्रेआधी, म्हणजे १४ जानेवारीच्या आत.

पिक्चर हाँगकाँगचा. मूळ नाव चिनी अक्षरांत, ते कुणालाच वाचता येत नाही. हे नाव इलाहीबक्षचाचांनी ठेवलेलं. चाचा म्हणजे तंबू टॉकीजचे ऑपरेटर. आमच्या गावच्या जत्रेत तंबू लागला की मी मेंढरं थोरल्या भावाच्या गळ्यात घालून कनातीखालून आत शिरायचो. चाचा मशीन चालवायचे आणि माइकवरून मराठीत सांगायचेही, कोण कुणाला कशासाठी मारतोय ते. मी अठरा वेळा बघितलाय. जगात दुसरी कॉपी नसावी. नेटवर कसून शोधलं, दहा मिनिटं.

काल सात रस्ता चौकामागे चाचांकडे फराळ द्यायला गेलो तेव्हा त्यांनी कॉटखालून पाच रिळांचे डबे काढून दिले. तीस वर्षं तिथंच होते. अट एकच. शेवटची मारामारी घरी बसून एकदा बघायचीय, डोळे आहेत तोवर. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी नजरेला फार दिवस दिलेले नाहीत.

मायाक्का म्हणाली, तुमी टावेल रंगवणारं माणूस, पिक्चरातलं तुमाला काय कळतंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं डाइंग मास्टर आहे मी. रंग म्हणजे रंग. बायकोशी वाद घालायचा नाही, हाही संकल्प.

२७ ऑक्टोबर

डबे उघडले. घरभर व्हिनेगरचा वास. मायाक्काने मला रिळांसकट गच्चीवर पाठवलं.

सगळा पिक्चर गुलाबी झालाय. हीरो गुलाबी, व्हिलन गुलाबी, डोंगर गुलाबी. फक्त रक्त बरोबर दिसतंय. घाबरण्यासारखं काही नाही. निळा आणि पिवळा उडालाय, लाल टिकलाय. उन्हात वाळलेल्या चादरीचं हेच होतं.

२ नोव्हेंबर

नवी पेठेत जाऊन कव्हरं छापायला टाकली. पाचशे. आधी कव्हर, मग माल. त्याने जबाबदारी येते. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘संपूर्ण रंगीत’. छापणारा म्हणाला, मास्तर, डीव्हीडी लावायचं मशीन कुणाच्या घरी राहिलंय? लोकांना दूरदृष्टी नसते.

हाँगकाँगला परवानगीचा ईमेल टाकला. पत्ता अंदाजे.

६ नोव्हेंबर

कव्हर चाचांना दाखवलं. त्यांनी उलटं धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, हौ रे बिरू, फस्कलास. मग म्हणाले, वाच जरा, चश्मा कुटं ठेवला काय की. चष्मा नाकावरच होता. वय झालं. त्यांच्या सुनेने, साबेराने, चहाचा कप हातात धरवून दिला. फार लाड करते सासऱ्याचे.

हाँगकाँगचं उत्तर नाही. म्हणजे हरकत नसावी.

११ नोव्हेंबर

यंत्र सात तारखेलाच तयार झालं. खाली काच आणि बल्ब, वर मोबाइल, मधून फिल्म ओढायची आणि एकेका चित्राचा फोटो काढायचा. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

चार दिवसांत अकरा सेकंद पिक्चर झाला. अकरा सेकंदांत हीरो जिना उतरतो. पूर्ण नाही.

हिशेब केला. या स्पीडने सगळा पिक्चर व्हायला साडेपाच वर्षं. कॅल्क्युलेटर बिघडला असावा. पुन्हा केला. साडेपाच.

१९ नोव्हेंबर

संकल्पात किरकोळ दुरुस्ती. सध्या फक्त शेवटचं रीळ करायचं. चाचांचे डोळे महत्त्वाचे. बाकीची चार नंतर, दुसरा भाग म्हणून.

कामावरून सुटलं की रोज सहाला चाचांकडे जाऊन रिपोर्ट देतो. ते उंबऱ्यातच बसलेले असतात. गाडी कोपऱ्यावर असतानाच हाक मारतात, आला काय रे बिरू. लोक म्हणतात नजर गेली. इतक्या लांबून माणूस ओळखतात!

२८ नोव्हेंबर. सकाळी ६.००

कपाळावर हात मारून घेतला. उत्तर समोर होतं. निळा उडालाय ना? मग निळा चढवायचा. इतकी वर्षं दुसरं काय करतोय मी? मोठमोठ्या कंपन्या म्हणे कॉम्प्युटरवर रंग भरतात. त्यांच्याकडे डाइंग मास्टर नसतो, काय करणार बिचारे.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.००

कारखाना बंद. वॉचमन ईरप्पाला सांगितलं, अर्जंट रंगाची शेड काढायचीय. छोट्या टबात शेवटचं रीळ सोडलं. पाणी साठ डिग्री. निळा, चिमूटभर पिवळा, मीठ, सोडा. पुस्तकाप्रमाणे.

पाच मिनिटांत पाणी तपकिरी-गुलाबी झालं. चांगलं लक्षण. जादाचा रंग निघतोय. नवीन टॉवेलचंही पहिलं पाणी असंच येतं.

दुपारी १.३०

अंगणात टॉवेलच्या दोऱ्यांवर वाळत घातलं. ईरप्पा म्हणाला, मास्तर, लई चकचकीत निगालं की. उन्हात धरलं. पलीकडचा ईरप्पा दिसला. स्वच्छ. त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा मोजता आली.

फिल्मवर काहीही नाही. टकले नाहीत, हीरो नाही, डोंगर नाही. चित्र ज्या थरावर असतं तो थरच वितळून गटारात गेला. सगळा सूड गटारात गेला.

दुपारी १.४५

सॅम्पल. सॅम्पल घ्यायला हवं होतं. वीतभर तुकडा कापून आधी त्याच्यावर करून बघायचं. अठ्ठावीस वर्षं प्रत्येकाला हेच बोंबलून सांगतोय. भिंतीवर पाटी आहे, ‘सॅम्पलशिवाय माल टाकू नये’. पाटी मीच रंगवलीय.

१ डिसेंबर

चाचांना सांगितलं नाही. म्हणालो, वॉशिंग झालं, रिझल्ट क्लिअर आहे. यात खोटं काही नाही.

३ डिसेंबर

चाचांनी हट्टच धरला, तुकडा आण, हातात तरी धरू दे. हातभर नेला. त्यांनी नेहमीच्या सवयीने अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून फिल्म हळूहळू सरकवली. मग उलटी करून पुन्हा. म्हणाले, काय साफ केलास रे बिरू. जिंदगीत इतकी साफ फिल्म हातात आली न्हाय.

सुटलो. जुना माणूस, पण कामाची पारख आहे.

९ डिसेंबर

प्लॅन बी. दुसरी प्रिंट शोधायची. जिल्ह्यातल्या अकरा जुन्या टॉकीजना फोन. चार मंगल कार्यालयं झालीत. एक गोडाऊन. एकाने विचारलं, लग्न किती तारखेचं आहे. बाकीचे नंबर अस्तित्वात नाहीत.

१५ डिसेंबर

प्लॅन सी. शेवटची मारामारी आपणच शूट करायची. कथा पाठ आहे. पैलवान गडी कारखान्यात भरपूर. सात जणांना टक्कल करायला विचारलं. सहा जण नाही म्हणाले. ईरप्पा तयार आहे, पण त्याला मुळातच आहे. एका टकल्याचा सूड होत नाही. शिवाय त्याचा गुडघा वर जात नाही.

२४ डिसेंबर

आज कामावर सतराशे टॉवेल चुकीच्या शेडमध्ये गेले. आकाशी सांगितला होता, मी जांभळा काढला. मालकांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, बिरुदेव, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हणालो, ठीक आहे. ठीक नाही. जेवण जात नाही. डोळे मिटले की ती रिकामी फिल्म दोरीवर हलताना दिसते. एका म्हाताऱ्याने आयुष्यभर जपून ठेवलेली एकच वस्तू माझ्या हातात दिली आणि मी ती सोड्यात उकळली.

तरी सहाला गेलोच. चाचांनी विचारलं, कुटवर आलं. म्हणालो, फिनिशिंग चालू आहे. त्यांनी गालातल्या गालात हसत मान हलवली. साबेरा आतून बघत होती. नंतर गेटपर्यंत आली, काहीतरी बोलायचं होतं तिला. गेटची कडी लावून परत गेली.

५ जानेवारी

मायाक्काने कव्हरं फडताळात अंथरली. वर पितळी डबे. म्हणाली, कागद जाड हाय, झुरळं येत न्हाईत. मी म्हटलं, सध्या राहू दे. गरज लागली की काढू.

१३ जानेवारी. संध्याकाळी ५.००

ठरलं. उद्या कबूल करणार. वाक्य लिहून पाठ केलंय: चाचा, माझ्या हातून शेवटचं रीळ धुतलं गेलं, मला माफ करा. बारा वेळा आरशासमोर म्हणून बघितलं. मायाक्का म्हणाली, आता तरी खरं बोला, पाया पडा त्यांच्या. बाराही वेळा नीट आलं.

१४ जानेवारी, संक्रांत. संध्याकाळी ७.३०

वाक्य म्हटलं गेलं नाही.

पोचलो तर चाचा नवा पायजमा-कुर्ता घालून, अत्तर लावून टीव्हीसमोर बसलेले. साबेराने तिळगूळ ठेवलेला. चाचा म्हणाले, लाव रे बिरू. आता काय बोलणार? खिशात पेनड्राइव्ह होता. धुतलेलं रीळ बल्बवरून ओढून व्हिडिओ काढून ठेवला होता, का काढला होता देव जाणे. लावला.

टीव्हीवर एकवीस मिनिटं पांढरं. मधून मधून ओरखडे. मी जमिनीकडे बघत बसलो.

आणि चाचा बोलायला लागले! तोच माइकवरचा आवाज. बघा मंडळी, डोंगरावर धुकं, सात टकले एका लायनीत. पहिला आला, हीरोनं कुटं धरला? मनगटाला. गेला खाली. दुसऱ्याच्या हातात साखळी. एकेक फटका, एकेक पायरी, एकवीसच्या एकवीस मिनिटं. जिथं हीरोचा गुरू मरतो तिथं आवाज तसाच फुटला, जसा तंबूत फुटायचा. साबेरा पदराने डोळे पुसत होती. मीही.

संपल्यावर म्हणाले, काय कलर आलाय रे!

म्हणजे दिसलं! थर पूर्ण गेलेलाच नाही. आपल्या नजरेला दिसत नसेल, पण उभं आयुष्य मशीनवर घालवलेल्या माणसाला दिसतं. निळा चढलाय! प्रक्रिया बरोबर होती. उरलेली चार रिळंही याच पद्धतीने. रविवारी ईरप्पाला सांगून ठेवतो. फडताळातली कव्हरं काढायला हवीत.

१५ जानेवारी. दुपारी १.००

जेवणाच्या सुट्टीत चाचांकडे गेलो, सहाची वाट बघवेना. चाचा झोपले होते. साबेराला म्हणालो, बघितलंस, काय नजर आहे अब्बांची.

तिने मला ओट्यावर बसवलं. म्हणाली, दादा, अब्बांना दसऱ्याच्या आधीपासून काहीच दिसत नाही. उजेड-अंधारही नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीय.

मी म्हणालो, मग रिळं कशाला दिली?

म्हणाली, तंबू बंद झाल्यापासून त्यांच्याकडे कोण येतं? रिळं घेतली की बिरू रोज सांगायला येईल म्हणाले. आणि दादा, तुम्ही तो तुकडा आणला त्या दिवशीच त्यांना कळलं. फिल्मची एक बाजू बोटाला खरखरीत लागते म्हणे, चित्राची. ती दोन्हीकडून गुळगुळीत होती. तुम्ही गेल्यावर जेवले नाहीत. मग म्हणाले, बिरूला बोलायचं नाही, पोरगं तोंड लपवंल.

पोरगं. मी बावन्न वर्षांचा आहे.

गाडी ढकलत सात रस्त्यापर्यंत आलो. चालू करायचं लक्षातच आलं नाही.

१६ जानेवारी. संध्याकाळी ७.००

संकल्प नाही.

सहाला गेलो. हातात काही नेलं नाही. चाचा उंबऱ्यात होते. कोपऱ्यावरूनच हाक आली. मी शेजारी बसलो. पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं, पण त्यांनीच आधी विचारलं, बाकीच्या रिळांचं काय, कुटवर आलं काम?

म्हणालो, पहिलं घेतलंय चाचा. हीरो जिना उतरतोय.

म्हणाले, उतरू दे. गडबड करू नको.