चालीवाचून बारी

न्यूयॉर्क बंदर
९ एप्रिल १९८७

ती. बाबांस रघूचा शि. सा. नमस्कार.

मालनचं पत्र बोटीवर पोचलं. तुमच्या गळ्याची गाठ निघाली, जखम भरली, डॉक्टरांनी बोलायला मोकळीक दिली, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण खाली तिने लिहिलंय, की आवाज चढत नाही म्हणून तुम्ही आपलं जाखडी नाचाचं मंडळ मोडायला निघालात. बाबा, गणपतीला चार महिने आहेत. एवढी घाई कशाला?

इथे माल उतरवणारा एक कामगार पेटीएवढा टेप खांद्यावर घेऊन येतो. त्यावर रॅप लावतो. म्हणजे गात नाहीत, ठेक्यावर यमकं जुळवत भराभर बोलतात आणि समोरच्याला चिमटे काढतात. आता त्यात हेवी मेटलची गिटार घातलीय. कानठळ्या बसतात! पूर्वी रॅपवाले गिटारवाल्यांचं ऐकत नसत आणि गिटारवाले रॅपवाल्यांचं, असं तो सांगत होता. मला तर आपली दोन शाहिरांच्या सवाल-जवाबाची बारीच आठवली. कॅसेट आमच्या बोटीवरच्या जयगडच्या बाळाबरोबर पाठवतोय, तो सुट्टीवर येतोय. ऐका आणि कळवा.

आईला नमस्कार, मालनला पाठीत एक धपका. माया आहेच, तशीच राहू द्या.

तुमचा रघू

---

कासारवाडी, ता. रत्नागिरी
२४ मे १९८७

चि. रघूस अनेक आशीर्वाद.

मेल्या, हे काय पाठवलंस? कॅसेट लावली आणि मला वाटलं समुद्राच्या खाऱ्या हवेने ती खराब झाली. टेप खोलून कापसाने पुसला, तरी तेच. शेवटी भर उन्हात रत्नागिरीला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला की काका, काही बिघडलेलं नाही, गाणंच असं आहे. माझा हेलपाटा फुकट! एक माणूस रागावून बोलतोय, दुसरा शेजारी पत्रा कापतोय, याला गाणं म्हणतात होय? तुझी बहीण मालन मात्र दिवसातून चारदा लावते आणि भांडी घासताना मान हलवते.

आता खरं सांगतो. तीस वर्षं मी बारीत शक्तीवाल्यांचा शाहीर म्हणून तुरेवाल्यांसमोर उभा राहिलो. परवा गोठ्यात कोणी नाही बघून गणाची पहिली ओळ लावून बघितली. वर जाताना आवाज मोडला. म्हैससुद्धा वळून बघायला लागली. तुरेवाल्या रावजी शाहिरासमोर असला आवाज घेऊन उभं राहण्यापेक्षा मंडळ मोडलेलं बरं. पोरांना अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही, रघू.

शेताची भाजावळ आटोपली, आईचे गुडघे बरे आहेत. जिवाला जप, बोटीवर जेवत जा.

तुझा बाप, गंगाराम

---

बाल्टिमोर
२ जुलै १९८७

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसलो आणि मग हसू गेलं.

एक आठवा. आम्हाला गाणं शिकवताना तुम्ही पहिल्या दिवशी चाल दिलीत असं कधी झालंय? आठ दिवस खळ्यात बसवून नुसते शब्द. टाळीवर, बोलून. शब्द चुकला की पाठीत रपाटा. चाल मग नवव्या दिवशी. बाबा, खोटं नाही सांगत, तुमचं ते आठ दिवसांचं बोलणं मला चालीपेक्षा जास्त आवडायचं. अंगावर काटा यायचा. त्याला आवाज चढवावा लागत नाही. मग बारीत तेच का नको?

पत्रा कापल्यासारख्या त्या गिटारीची सोय मालन करेल, तिला विचारा. राग मानू नका, आणि मानलात तरी लेकावर जीव असू द्या.

तुमचा रघू

---

कासारवाडी
१२ सप्टेंबर १९८७

चि. रघूस पोटभर आशीर्वाद.

तुम्ही दोघं भावंडं मला सुखाने म्हातारा होऊ देणार नाही. मालनने बाजारातल्या केरूला त्याच्या इलेक्ट्रिक बेंजोसकट आणलं. त्याचा कर्णा फाटलेला, आवाज असा खरखरतो की कोंबड्या पळाल्या. तो दुसरा कर्णा आणतो म्हणाला, तर ही म्हणते नको, फाटकाच हवा!

गौरीच्या दुसऱ्या दिवशी बारी लागली. मी पहिलं कडवं नुसतं बोललो, खाली ढोलकी, मागे केरूचा गोंगाट. लोक हसले. रावजीने कर्ण्यावरून विचारलं, की हे गाणं आहे की रेशनच्या रांगेतलं भांडण? माझं डोकं तापलं. मी तिथल्या तिथे ठेक्यावर त्याची अशी काढली की शिट्ट्या पडल्या. तुरेवाल्यांच्या बाजूनेसुद्धा!

तिसऱ्या कडव्यात मात्र घसा बसला. तोंड उघडं आणि आवाज नाही. मला वाटलं संपलं, शोभा झाली. तोच नाचणाऱ्या आठही पोरांनी ओळ उचलली. चालीत नाही रे, बोलून. मी खळ्यात शिकवलेली तशीच, माझ्याच हेलात, माझ्याच ठिकाणी श्वास घेत. शेवटपर्यंत नेली. मी मध्ये उभा राहून रडलो. लिहायला लाज नाही वाटत.

बारी रावजीने मारली. मारू दे. जाताना माझा हात धरून तो बराच वेळ सोडीना.

मंडळ मोडत नाही. शिमग्याची दोन आमंत्रणं आलीत आणि नवीन कडवी लिहायला घेतलीत. आईची माया, मालनचा दम, दोन्ही पोचवायला सांगितलंय. तुझंही मन इकडे असू दे.

पोरं खळ्यात येऊन बसलीत, शाहीर कुठे म्हणून ओरडतायत. जातो.

तुझा बाप, गंगाराम