पंचाहत्तर डिग्रीवर

६ मे, यवतमाळ
१.८२! एक पूर्णांक ब्याऐंशी डेसिबल!! लॅबमध्ये खुर्चीवरून उठून नाचलेच. अठ्ठावीस गिगाहर्ट्झवर अँप्लिफायरचा स्वतःचा गोंगाट दोनच्या खाली हवा, अशी अट. माझ्यासोबतच्या अक्षयचा १.८५. तो म्हणे, "पार्टी दे मंग, मोनाली." कसली पार्टी? खरी चिप बनायला कॉलेजमधून एकच डिझाइन निवडणार आहेत. ते माझंच हवं. बस्स.

८ मे
दिवसभर लेआउट, म्हणजे चिपचा नकाशा काढणं. कॉइल तीनदा चुकली. तरी मजा आली!

१२ मे, मारेगाव
बुद्धजयंतीला घरी. खीर वाढताना आई म्हणाली, "तू तिथं दिवसभर करून काय राह्यली, बाई?" सांगितलं — अँटेनाकडून फार बारीक सिग्नल येतो, माझं सर्किट तो मोठा करतं. पण करताना स्वतःचाही आवाज मिसळतं, तो कमीत कमी ठेवायचा. आई म्हणते, "म्हंजे दुसऱ्याचं आयकताना आपुन कमी बोलावं. इतकंच नं?" दोन वर्षं शिकून मला हे एका वाक्यात जमलं नाही!

दुपारी स्लॅबवर कुरड्या उलटायला गेले. तिथं इंटरनेटचा पत्र्याचा डबा आहे, त्याला हात लागला. केवढा चटका! हात बादलीत बुडवून उभी होते आणि एकदम आठवलं — माझी चिपही अशाच डब्यात बसणार. मी कॉम्प्युटरवर तपासताना तापमान किती धरलंय?

१३ मे, यवतमाळ
सत्तावीस डिग्री!! यवतमाळात, मे महिन्यात! सेटिंगची फाईल सीनियरांकडून चालत आलेली, कुणी उघडूनच पाहिली नाही. निवडीचे नियम काढले. पान नऊ: आकडा पंचाहत्तर डिग्रीवरचाच धरणार. पान नऊ कोण वाचतं! सर्किट पंचाहत्तरवर चालवलं, उष्णतेनं गोंगाट वाढला. २.२४. नापास.

अक्षयचीही फाईल तीच आहे. त्याला पत्ता नाही. मी बोलले नाही तर तो आपोआप बाद. हे लिहितानाही लाज वाटते, पण मनात आलं खरं.

१४ मे
शेवटी चहाच्या टपरीवर सांगून टाकलं. अक्षयचा चेहराच उतरला. मग म्हणतो, "हे काहून सांगून राह्यली मले?" चहा अर्धा टाकून दोघं लॅबकडे पळालो!

१६ मे
१.९६!!! पंचाहत्तरवर! कॉइल सगळ्यात वरच्या जाड धातूच्या थरात नेली, करंट जरासा वाढवला — आणि बसलं! ओरडलेच. अक्षयला आकडा दाखवला, तर त्यानं आपला स्क्रीन हातानं झाकला. चोर कुठला! पाठवून दिलं. आज मला कुणी काहीही मागावं, देईन.

३० मे
निकाल लागला. अक्षय. १.९३.
फोन करून अभिनंदन केलं, नीट हसून बोलले. मग खूप रडले. पुन्हा तशी वेळ आली तर त्याला सांगेन का? माहीत नाही.