पाण्याकाठची शेड आणि माझे दफन

मी, नेहेम्या ओगोला, वय एकाहत्तर, न्यागुदा धक्क्यावर बोटीच्या तिकीट खिडकीवर कारकून होतो, हल्ली निवृत्त, राहणार न्यागुदा, जिल्हा होमा बे, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही. होमा बेच्या डॉक्टरांनी या वेळी औषध बदलले नाही, फक्त खुर्ची पुढे ओढली आणि घरी कोण कोण असते असे विचारले. त्यावरून मला जे समजायचे ते समजले. मला कोणी काही पाजलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. याआधीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही माझी मुलगी डोर्कस आपोंदी हिला दिले होते. ते रद्द समजावे. घेणारी राहिली नाही.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी होमा बेच्या वकील कुमारी लिडिया नाफुला यांनी करावी. त्या आमच्या जमातीच्या नाहीत म्हणूनच त्यांना निवडले आहे. आमच्यापैकी कोणी असता तर माझ्या भावाने त्याला वडीलकीच्या नात्याने गप्प बसवले असते. हे कागद माझ्या दफनानंतर उघडावेत, आधी नाही. कारण शेवटी कळेल.

२. फाटकाच्या आतले माझे घर, त्यामागची मक्याची जमीन आणि दोन गाई धाकटा भाऊ क्लेमेंट ओकुमु याच्याकडे जातील. मी देतो असे लिहीत नाही. मला मुलगा नाही, आणि मुलगा नसलेल्या माणसाचे घर आमच्यात भावाकडे जातेच. घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मात्र चर्चच्या आहेत. आपोंदीच्या दफनाला आणल्या होत्या. लोक उठून गेले तशा त्या राहिल्या, कोणी मागितल्या नाहीत आणि मीही हलवल्या नाहीत. त्या परत कराव्यात.

माझी दिवंगत पत्नी रोझलिदा हिची मोठी पातेली आणि मक्याच्या पिठाची उगाली घोटायचा लाकडी दांडा फिलगोना आकेयो हिला द्यावा. फिलगोना ही माझ्या मुलीच्या होड्या बांधणाऱ्या गटातली पहिली मुलगी. शाळेतून काढली तेव्हा तिच्या कडेवर बाळ होते. गटात आज जे काही उरले आहे ते ती सांभाळते. बँकेत जे शिल्लक असेल तेही तिचे. ते फार नाही, त्यावरून कोणी भांडू नये.

३. आपोंदीची हत्यारे, म्हणजे वाकस, दोन रंधे, करवती, गिरमिट आणि फळ्यांच्या फटींत कापूस ठासायच्या छिन्न्या, हीही फिलगोनाला. ही हत्यारे बाईकडे कशी, असा प्रश्न पुढे कोणी विचारेल म्हणून थोडे लिहून ठेवतो.

आमच्या किनाऱ्यावर मासा पुरुष धरतात आणि बायका विकतात. होडी ज्याची मासा त्याचा. मासा हवा असेल तर बाईने आधी होडीवाल्याच्या झोपडीत जायचे, असा रिवाज होता. तिकीट खिडकीतून सगळा किनारा दिसतो. कोणी नावे ठेवत नसे, कारण प्रत्येकाच्या घरातले कोणी ना कोणी त्यात होते. आपोंदी किसुमूला सुतारकाम शिकली, परत आली आणि पाण्याकाठच्या आमच्या तुकड्यावर पत्र्याची शेड उभी केली. शाळा सुटलेल्या मुलींना घेऊन ती तेथे होड्या बांधू लागली. होडी बायकांची, पुरुष तिच्यावर मजुरीने जाणार, आणि मासा काठाला लागला की बाईने वजन करून घ्यायचा. एवढेच होते. पण त्यानंतर त्या बायकांना झोपडीत जावे लागले नाही.

मी तिला एकदा म्हणालो होतो, "पोरी, लग्नाचं बघ. बिनलग्नाची गेलीस तर आपल्यात फाटकाबाहेर पुरतात."

ती म्हणाली, "बाबा, फाटकाबाहेर वारा चांगला येतो." रंधा थांबवला नाही.

तिला राजधानीत बोलावून समाजात बदल घडवणारी म्हणून मानपत्र दिले. ते चौकटीत माझ्या घरी आहे. काच चांगली आहे. ती काढून दवाखान्याच्या फुटलेल्या खिडकीला बसवावी. कागद फिलगोनाला हवा असेल तर घ्यावा.

त्या समारंभाहून नव्हे, तर गेल्या ऑगस्टमध्ये एका साध्या बैठकीहून परत येताना तिची मोटारसायकल टॅक्सी ट्रकखाली आली. मी तिला फाटकाबाहेर, शेडजवळ पुरले.

४. होड्या. पाच आहेत, पालथ्या पडल्या आहेत. त्याही फिलगोनाला. त्या पालथ्या का, हे किनाऱ्यावर वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितले जाते. मी पाहिले ते असे.

आमच्यात कर्ता माणूस गेला की पुरुष गुरे सोडतात, काठ्या आपटत, ओरडत शिवेपर्यंत धावतात आणि मरणाला गावाबाहेर हाकलून येतात. मी क्लेमेंटला म्हणालो की आपोंदीसाठीही सोडावीत. तो म्हणाला, "पोरीसाठी गुरं? दादा, लोक हसतील. माझ्या गाईसुद्धा हसतील."

फिलगोना तेथेच भांडी घासत होती. ती म्हणाली, "राहू द्या काका, तुमच्या गाई हसऱ्या आहेत. आमच्या होड्या रडक्या आहेत, आम्ही त्या नेतो."

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका पाचही होड्यांत बसल्या आणि वल्ही कडांवर बडवत, किंचाळत सरोवरात पार आत गेल्या. आमच्या गावात असे पूर्वी कोणी केले नव्हते. मी काठावर उभा होतो. मला ते आवडले होते. अजूनही आवडते.

त्यांच्या मनात एक गोष्ट आली नाही, माझ्याही आली नाही. गुरे शिवेपर्यंत जातात, आणि शिवेपलीकडे जे काय होईल ते दुसऱ्या गावाचे असते. पाण्याला शीव नाही. पुढच्या आठवड्यात ओदिरा, आमच्या होड्यांवरचा जुना माणूस, टोपी हातात धरून शेडच्या दारात आला.

"ताई, आम्ही येणार नाही."

"का रे? मजुरी कमी पडली?" फिलगोनाने विचारले.

"तुम्ही मरण पाण्यात नेऊन सोडलंत. आम्ही तिथंच जाळं टाकायचं?"

"मरण काय तिलापिया आहे, जाळ्यात यायला?"

"ते जाळं न टाकताही येतं, ताई," तो म्हणाला. "आम्ही बोलवायला कशाला जायचं?"

तो गेला, त्याच्यामागे बाकीचे गेले. बायकांनी स्वतः मासे धरायला जाऊन पाहिले. दोनदा जाळी कापलेली मिळाली. मग एकेक करून त्या पुरुषांच्या होड्यांकडे परतल्या. कोणकोण झोपडीत परत जाते ते मी लिहिणार नाही. मी आता खिडकीवर नसतो, पण किनारा तोच आहे.

ओदिराबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याने जे म्हटले ते त्याला खरे वाटत होते. माझा रेनकोट आणि ट्रान्झिस्टर त्याला द्यावा. किनारा समितीच्या अध्यक्षांबद्दल मात्र राग आहे. ते आपोंदीच्या दफनात ध्वनिक्षेपक घेऊन इतके बोलले की माती टाकणारे खाली बसले, आणि नंतर ओदिराला समजावून सांगायला चार शब्द बोला म्हणालो तर म्हणाले, "म्हातारबुवा, हा रूढीचा प्रश्न आहे, मी राजकारणी माणूस." त्यांना मी काहीही ठेवत नाही.

५. पाण्याकाठचा तुकडा, ज्यावर शेड आहे. हा मी फिलगोनाला आणि गटाला देऊ इच्छीत होतो. मुख्यतः त्यासाठीच मी वकिलांकडे गेलो. कुमारी नाफुला यांनी नोंदी पाहिल्या आणि म्हणाल्या, "काका, ही जमीन अजून तुमच्या आजोबांच्या नावावर आहे. कागदावर जे तुमचं नाही ते तुम्हाला देता येत नाही."

मी म्हणालो, "आमच्याकडे कागद कोणी बघत नाही. कुणाची जमीन हे थडग्यावरून ठरतं. ज्याचा माणूस पुरलाय त्याची."

"मुलीचं थडगं आहे ना तिथं?"

मी त्यांना सांगितले की मुलीचे थडगे धरत नाहीत. पुरुषाचे लागते.

क्लेमेंटला तो तुकडा हवा आहे. किसुमूचा एक माणूस तेथे बर्फाचा कारखाना घालणार आहे आणि त्याने क्लेमेंटशी बोलणे केले आहे. म्हणून मी ठरवले की मला तेथे पुरावे, शेडच्या दाराशी. मग ती जागा माझ्या थडग्याची होईल आणि तेथून बायकांना उठवणे जड जाईल. मी क्लेमेंटला घरी बोलावून हे तोंडावर सांगितले. त्याच्या पाठीमागे करायला नको वाटले.

त्याने चहात आणखी साखर घातली. मग म्हणाला, "दादा, घर असताना बाहेर? बाहेर कुणाला पुरतात ठाऊक आहे ना? फास लावून घेतलेल्याला. लोक मला विचारतील, भावाला काय झालं होतं?"

"सांग, मुलीजवळ झोपलाय."

"मुलीचं थडगं वाटसरूचं असतं. ती नवऱ्याघरी जायची होती, वाटेत थांबली. त्याच्यावरून का कुणी शीव धरतं?" आणि उठताना म्हणाला, "तू खुशाल लिही. तू लिहून जाशील, दादा. पुरणार मी आहे."

तो वाईट माणूस नाही. लहानपणी मी त्याला पाठीवर घेऊन शाळेत नेत असे. पण त्याने म्हटले ते बरोबर होते. वकीलबाईंनीही तेच सांगितले, फक्त कायद्याच्या भाषेत. माणसाचा देह ही त्याची मालमत्ता नाही, त्यामुळे तो मृत्युपत्राने देता येत नाही. इच्छा लिहिता येते. न्यायाधीश ती वाचतील आणि मग जमातीची रीत काय ते विचारतील.

६. तरीही मी ते कलम लिहिले होते. मागच्या रविवारी फिलगोनाला वाचून दाखवले. ती शेंगदाणे सोलत होती. मला वाटले होते, तिला बरे वाटेल.

ती म्हणाली, "बाबा, मेल्यावर तरी आम्हाला भांडायला लावू नका."

"भांडायचं नाही. हे दाखवायचं."

"दाखवल्यावर काका कोर्टात जाणार. तोवर तुम्ही शवागारात. रोजचं भाडं कोण भरणार? तुम्हाला गार ठेवायला मी होड्या विकू? आणि एवढं करून निकाल काय लागणार ते बाईंनी सांगितलंयच ना?"

"मग शेड?"

"शेड गेली, बाबा." तिने सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवले. "ती गेल्या साली गेली. तुम्हालाही माहीत आहे. खा."

मी खाल्ले. दुसरे काय करणार?

७. म्हणून ते कलम मी काढून टाकले आहे, आणि त्याच्या जागी पुढील लिहितो.

क्लेमेंटने मला फाटकाच्या आत, घराच्या उजव्या हाताला पुरावे. डाव्या हाताला रोझलिदा आहे. ती पुष्कळ वर्षे एकटी आहे. घरधनी गेल्यावर छपरावरची काठी मोडतात, तो मान क्लेमेंटचाच. माझ्यासाठी गुरे सोडायची असतील तर सोडावीत, माझी हरकत नाही.

आमच्या गावात कर्त्या माणसाच्या दफनाच्या दिवशी कोणी पाण्यात उतरत नाही. किनाऱ्यावर चिटपाखरू नसते. सगळे पुरुष घराच्या आवारात असतात, आणि अध्यक्षांना ध्वनिक्षेपक मिळणारच असल्याने दुपारपर्यंत कोणी हलू शकत नाही. तेवढा वेळ पुरेल.

शेडचे पत्रे, वासे, दारे, खिळेसुद्धा, आपोंदीने आणि मुलींनी आणले होते. वकीलबाई म्हणतात की आपोंदीच्या वाट्याचे कायद्याने माझ्याकडे आले. ते मी फिलगोनाला दिले आहे. जमीन देता येत नाही, जमिनीवरचे सुटे सामान देता येते. तेव्हा फिलगोनाने आणि ज्या बायका येतील त्यांनी त्या दिवशी शेड उतरवावी, होड्या सुलट्या करून सामान त्यांत भरावे आणि समोरच्या बेटावर फिलगोनाच्या मामाकडे न्यावे. हे तिला मी तोंडी सांगितले आहे. येथे लिहिले ते एवढ्यासाठी की नंतर कोणी त्यांना चोर म्हणू नये. क्लेमेंट, हे तू वाचशील तेव्हा त्या पोचलेल्या असतील. त्यांच्यामागे जाऊ नकोस. जमीन तुला मिळाली आहे.

त्या होड्यांवर बेटावरचे पुरुष तरी चढतील की नाही, मला ठाऊक नाही. बातमी पाण्यावरून लवकर जाते. फिलगोनालाही खात्री नाही. ती म्हणाली, निदान मुलींना फळ्या जोडता तरी येतील, होडी कोणी घेतली नाही तर त्याच फळ्यांनी चूल पेटेल.

तेव्हा गटातल्या कोणीही माझ्या दफनाला येऊ नये. न आल्याबद्दल गावात बोलतील, म्हातारा त्यांना बाबा बाबा म्हणवून घेत होता आणि एकही फिरकली नाही असे म्हणतील. ते त्यांनी ऐकून घ्यावे. त्या आल्या नाहीत तर मी समाधानी आहे असे समजावे.

आपोंदीचे थडगे हलवता येणार नाही. कारखान्याची भिंत बहुधा त्यावरून जाईल. त्याबद्दल मला काही सूचना देता येत नाही.

वरील मजकूर मी वाचला आहे आणि तो मला मान्य आहे. खालील दोघांच्या समोर, एकाच वेळी, सही केली. दोघांना यातले काहीही मिळायचे नाही.

नेहेम्या ओगोला (सही)

साक्षीदार:
जेरुशा आलू, परिचारिका, न्यागुदा दवाखाना (सही)
मेशाक ओदुन्दो, मुख्याध्यापक, न्यागुदा प्राथमिक शाळा (सही)

न्यागुदा, मंगळवार, १७ जून २०२५