फळ्यांखालची टाकी

मंगळवार, ३ मार्च

आज मला खांदे मोजून कामावर घेतलं! असं कधी कुणाचं झालं असेल?

बस चुकली. पुढची दोन तासांनी, म्हणून नदीकडे गेले. तिथे बोटी दुरुस्त करायचं यार्ड आहे. बोटी पाण्यात नाहीत, ओंडक्यांवर उभ्या, नदीशी रुसून काठावर येऊन बसल्यासारख्या. मी केळं खात एकीकडे बघत होते, तर वरून एक म्हातारा डोकावला. "ए पोरी, खांदे किती रुंद तुझे?"

हे काय विचारणं झालं? तोवर तो शिडी उतरून खाली. टेप काढली, माझ्यासमोर हवेतच धरली. "पंधरा इंच. जाशील." कुठे जाईन ते सांगितलंच नाही.

तर ते असं. म्हातारा सुतार आहे, आता रिटायर. जन्मभर लोकांची कपाटं केली आणि स्वतःसाठी ही एक केबिनवाली मोटरबोट. आत दोन बिछाने, एक चूल, एक खिडकी. नदीने चार दिवस खाली समुद्रापर्यंत जायचं, हे त्यांचं वीस वर्षांचं स्वप्न. केबिनच्या लाकडी फरशीखाली डिझेलची टाकी आहे आणि ती गळतेय. यार्डाचे साहेब म्हणालेत, एकतीस तारखेपर्यंत टाकी काढा आणि बोट पाण्यात घाला. नाहीतर जागा रिकामी करून घेतो आणि बोट भंगारात तोडतो.

इंजिनाच्या बाजूने एक भोक आहे. तिथून कुणीतरी बारीक माणसाने आत जाऊन बघायचंय. म्हणजे मी.

"दोन दिवसांचं काम," काका म्हणाले. राहायला त्यांच्या घरामागची कामाची खोली, जेवण काकींच्या हातचं. ठीकै. दोन दिवस.

बुधवार, ४ मार्च

गेले भोकातून. डोकं आणि एक हात आधी, मग बाकीची मी. आत काळोख, वास असा की डोळ्यांतून पाणी. टाकी बॅटरीने बघितली. खालचा कोपरा गंजून बिस्किटासारखा झालाय, बोट लावलं तर पापुद्रा आला. टाकी गेली, यात शंका नाही.

आत एक कोळ्याचं जाळं होतं. डिझेलच्या वासात तो खातो काय? पंधरा मिनिटं त्यालाच बघत होते. वरून काका ओरडतायत, "जिवंत आहेस ना गं?"

इंजिनवाला आला होता. यार्डातल्या सगळ्या बोटींची इंजिनं तोच बघतो. बोलतो कमी, कान जास्त खाजवतो. त्याने पंपाने डिझेल पिंपात काढलं, मी भोकात शिरून पाइप सोडवले. आता टाकी रिकामी, मोकळी. फक्त वर काढायची. त्यासाठी वरची फरशी उघडायची.

सोपं आहे ना? स्क्रू काढायचे, फळ्या उचलायच्या.

गुरुवार, ५ मार्च

स्क्रू नाहीत!

म्हणजे आहेत. दिसत नाहीत. काकांनी प्रत्येक स्क्रूवर लाकडाचं बुच ठोकलंय, त्याच फळीतून कापलेलं, रेषेला रेष जुळवून, वरून रंधा, वरून पॉलिश. "कारागिराचा स्क्रू दिसला की समजायचं तो कारागीर नाही," हे काकांचं वाक्य. सकाळपासून सहा वेळा ऐकलं.

"मग कुठेयत?" मी विचारलं.

काका गुडघ्यावर बसले. फरशीवरून हात फिरवला. चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मग अतिशय अभिमानाने म्हणाले, "मलाच सापडत नाहीयेत!"

इंजिनवाल्याने कान खाजवला.

शुक्रवार, ६ मार्च

माझी आयडिया. दोऱ्याला लोहचुंबक बांधायचा आणि फरशीवरून फिरवायचा. खाली स्क्रू असला की ओढेल. नववीत शाळा सोडली पण चुंबक लक्षात आहे!

सकाळी नऊपासून पाचपर्यंत. इंच इंच. कंबर गेली. चुंबक कुठेच हलला नाही.

पाचला काका चहा घेऊन आले, बघत उभे राहिले. "काय करतेस गं?" सांगितलं. "अगं, स्क्रू पितळी आहेत. बोटीत लोखंड कोण लावतं? गंजतं."

आठ तास हा माणूस दहा फुटांवर पटाशीला धार लावत बसला होता. आठ तास!

रविवार, ८ मार्च

काल फरशी ओली केली, कारण बुच वेगळ्या वेगाने सुकेल असं इंजिनवाला म्हणाला. काही नाही. उलट लाकूड असं चमकलं की काका बराच वेळ बघतच राहिले. "काय रेघ आहे बघ. नदीच वाहतेय."

आज इंजिनवाला करवत घेऊन आला.  काका फरशीवर आडवे झाले. पूर्ण आडवे, हात पसरून. "आधी मला काप."

करवत परत गेली. तेवीस दिवस राहिले.

मंगळवार, १० मार्च

काकींबद्दल लिहायचं राहिलंच. काकींनी तीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली. त्यामुळे बोलतात ते मागच्या सीटपर्यंत ऐकू जातं. बोटीवर पाय ठेवत नाहीत. "ज्याला ब्रेक नाही त्यात मी बसत नाही. एवढंच सांगून ठेवते."

आणि खरं दुखणं वेगळंच. घरातल्या कपाटाला दार नाही! सुताराच्या घरातलं कपाट, आणि त्याला पडदा. लग्नापासून. काकी भांडी काढताना पडदा असा झटकतात की काका जेवणातून मान वर करत नाहीत.

"गावभर दारं लावली. माझ्याकडे आला की याचा रंधा बोथट!"

शनिवार, १४ मार्च

निघाले. काय उपयोग? फुग्यांचा स्टॉल सोडला, छापखाना सोडला, ती पार्किंगची नोकरी तर दुपारच्या सुट्टीतच सोडली. हेही सोडू. पिशवी भरली, बसमध्ये खिडकीची सीटसुद्धा मिळाली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दुसऱ्या स्टॉपला उतरले.

खिडकीतून बाहेर बघत होते, नवं कुंपण घालत होतं कुणीतरी. एक माणूस खांब रोवायच्या जागा पावलांनी मोजत होता. एक, दोन, तीन, खूण. एक, दोन, तीन, खूण. आणि माझ्या डोक्यात आलं, काकांनी स्क्रू लावताना काहीतरी मापाने लावले असतील ना! ते माप कळलं की झालं! हे आम्ही विचारलंच नाही. अकरा दिवसांत!

चालत परत आले, दोन स्टॉप. काकी दारात. पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आलीस? हात धू. भाजी चिरायचीय."

रविवार, १५ मार्च

विचारलं. काकांनी हातातली पटाशी खाली ठेवली. मग कानाची पाळी ओढत म्हणाले, "टेप हरवली होती त्या दिवशी."

"मग?"

"हिच्या वितीने मोजलं." काकींच्या! तेव्हा बोट घराच्या अंगणात होती. काकी चहा करून आणायच्या, बसायच्या, दोघं बोलायचे. काकी फळीवर वीत ठेवायच्या, काका करंगळीपाशी भोक पाडायचे. मग अकरा वर्षांपूर्वी काकांनी बोट पाण्याजवळ नेली. काकी तेव्हापासून वर चढल्या नाहीत.

"तुमच्या वितीने करून बघा की."

"माझी वीत मोठी. तिची किती होती ते..."

म्हणजे टाकीपर्यंत जायची वाट काकींच्या हातातून जाते. आता त्यांना कोण सांगणार? काका आणि इंजिनवाला माझ्याकडे बघत होते.

सोमवार, १६ मार्च

काकींची अट — आधी कपाटाला दार!

"दोन दारं. मधे फट नको. आणि बोटीला लावतोस तसंच पॉलिश. मग माझा हात."

"अगं पंधरा दिवस राहिलेत!" काका.

"मी छत्तीस वर्षं थांबले. तुझ्या बोटीला दोन दिवस थांबता येत नाही?"

मला हसू येत होतं, मी भाजीच्या टोपलीत तोंड घातलं.

गुरुवार, १९ मार्च

दारं झाली. तीन दिवस. काका असे राबले की मला भीतीच वाटली. काकी दार उघडतात, मिटतात. उघडतात, मिटतात. "चूं" सुद्धा नाही. पडदा घडी करून ठेवला.

मग चपला दाराशी नीट लावून ठेवल्या. "उद्या चला. बघू कुठेय तुमची ती बिनब्रेकची."

शुक्रवार, २० मार्च

काकी शिडी चढल्या! यार्डातली माणसं कामं टाकून बघत होती. साहेबसुद्धा.

फरशीवर बसल्या, वीत ठेवली. काकांनी करंगळीपाशी पटाशी लावली. काही नाही, अख्खं लाकूड. दुसरी वीत. काही नाही. काकांचा चेहरा पडला. "हात बदलला असेल तुझा. वय झालं."

"हात बदलत नाही. तू चुकतोयस. दाराकडून नव्हती केली सुरुवात."

"दाराकडूनच!"

"चुलीकडून! मी चहा ओतत होते, तू माझ्या पायाशी बसला होतास. माझ्या पायावर भुसा पडला म्हणून मी ओरडले होते."

काका आठवत राहिले. मग उठून चुलीपाशी गेले. काकींनी वीत ठेवली. पटाशी टेकवली, एक हलका ठोका. बुच उडालं. खाली पिवळाधमक स्क्रू, कालच लावल्यासारखा.

मी एवढ्या जोरात ओरडले की इंजिनवाल्याचा पाना खाली पडला.

संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस निघाले. दोघं पुढे पुढे सरकत होते, मी मागून स्क्रू फिरवत. "सरक." "सरकतेय, गुडघे माझे आहेत, तुझे नाहीत." "तेव्हा तर उड्या मारायचीस." "तेव्हा तूही ऐकायचास." दिवसभर असंच. चहा मी केला. कुणी प्यायलं नाही, गार झाला.

मंगळवार, २४ मार्च

फळ्या निघाल्या, टाकी उघडी पडली, चौघांनी धरून वर आणली, केबिनच्या दारापर्यंत नेली आणि अडकली. चार बोटं! दार चार बोटं लहान! काकांनी टाकी आधी बसवली होती आणि केबिन तिच्याभोवती बांधली होती. मोठ्या हौसेने. टाकी कधी बाहेर काढावी लागेल हे डोक्यातच आलं नाही.

आडवी, उभी, तिरकी सगळी करून झाली. साहेब खालून म्हणाले, "आठवडा राहिला हं."

इंजिनवाल्याने करवतीकडे नुसतं बघितलं.

काका बराच वेळ चौकटीला हात लावून उभे होते. ही चौकट तर फरशीहून जपलेली. मग म्हणाले, "मीच लावली, मीच काढतो." काकींनी त्यांचा चष्मा हातात धरला. एक तास. एकाही फळीला ओरखडा नाही.

टाकी दुपारी तीनला जमिनीवर. आम्ही सगळे तिच्याभोवती असे उभे, जणू कुणाला पोहोचवायला आलोय.

शनिवार, २८ मार्च

इंजिनवाल्याने दोन छोट्या टाक्या आणल्या, दारातून आरामात जातात. मी भोकात शिरून पाइप जोडले. केसांतला डिझेलचा वास जातच नाही, काकी म्हणतात टक्कल कर.

फळ्या परत बसल्या. काकांचा हात बुचांच्या डब्याकडे गेला. काकी म्हणाल्या, "हात मागे घे." स्क्रू आता उघडे, ओळीत चमकतायत. काका दोन दिवस तिकडे बघत नाहीयेत.

मंगळवार, ३१ मार्च

बोट पाण्यात! साहेबांनी स्वतः दोर सोडला!

काकी उतरणार होत्या. "फरशी पुसून घेते," म्हणत राहिल्या आणि बोट निघालीच. इंजिनवाला सुकाणूच्या चाकावर, मी इंजिनापाशी, काका पुढे छाती काढून उभे. वीस वर्षं!

सात मिनिटं. मी मोजली.

सातव्या मिनिटाला काका आधी पिवळे झाले, मग हिरवे, मग कठड्यावर ओणवे. हा माणूस आयुष्यात कधी पाण्यावर गेलाच नव्हता! बोट बांधली, पण गेला नाही! इंजिनवाल्याने धावत जाऊन त्यांची कॉलर धरली. चाक मोकळं. बोट गरकन फिरली.

काकींनी ओलं फडकं खांद्यावर टाकलं आणि चाक धरलं. दोन हातांनी, घड्याळातल्या दहा-दोनला, व्हॅनसारखं. "सगळे बसून घ्या." आम्ही बसलो. बोट वळली, धक्क्याला अशी लागली की टक्कर कळलीसुद्धा नाही.

काका उतरले आणि जमिनीवरच बसले. काकी उतरल्या नाहीत. वळणाकडे बघत होत्या. "त्याच्या पुढे काय आहे?" हे त्यांनी कुणाला विचारलं ते कळलं नाही.

शनिवार, ४ एप्रिल

निघालो. मी आणि काकी. काका बसने येतायत, पुढच्या धक्क्यावर भेटतील.