मागच्या चाकाला दोरी लावली तेव्हा

प्रिय भाचेबुवा,

तुझ्या दुखऱ्या खांद्याचा हात आता कानापर्यंत वर जातो का? गुडघ्याची खपली नखानं उचकटू नकोस, लहानपणापासूनची खोड आहे तुझी. ज्या मित्राकडे जाऊन लपला आहेस तो बरा असेल, आणि त्याच्या आईची कंबरही. त्या माउलीला दोन घास जास्त रांधायला लावतोयस, तर निदान भांडी तरी विसळत जा. इकडे तुझी आई जेवते, पण ताटाकडे न बघता. तुझ्या बहिणीचा, छकुलीचा, पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये आहे. त्यावर तिनं एक टकला, मिशीवाला माणूस काढलाय आणि तो मी आहे म्हणते, म्हणजे सुधारते आहे. माझा पुढचा दात तुझ्या कोपरानं गेला. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नकोस, तो हलतच होता.

गॅरेजवाल्या पैलवानाबद्दल तू विचारलं नाहीस. निरोप तेवढा धाडलास, की खांदा बरा झाला की येतो आणि त्याचा उरलेला हातही मोडतो. निरोप्यानं तो तुझ्या आईसमोरच सांगितला. ती पीठ मळत होती. तशाच पिठाच्या हातांनी उठून तिनं दार लावून घेतलं.

अपघात झाला त्या दुपारी मी गॅरेजात त्याच्याशी गप्पा मारत होतो. फाटक्या अंगाचा माणूस, म्हणून तर आपण त्याला पैलवान म्हणतो. तू दारात आलास तेव्हा हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि शर्टाची एक बाही जागेवर नव्हती. मला वाटलं, पाणी मागशील. तू टायर उचकटायची लोखंडी पट्टी उचललीस. कालच हँडलचं काम केलंस ना हरामखोरा, हँडल नाचलं, माझी बहीण पडली, असं ओरडत सुटलास. पहिला घाव त्यानं चुकवला. दुसऱ्याला डोकं झाकायला उजवा हात वर केला, आणि मग तू त्या हातालाच धरलंस. कामाच्या फळीवर दाबून ठेवलास, मागून ओढणाऱ्या मला कोपर हाणलंस आणि मारत राहिलास. हाड मोडताना आवाज येतो हे मला ठाऊक होतं; मोडलेलं हाड पुन्हा मोडतानाचा आवाज ठाऊक नव्हता. आणि तो काय म्हणत होता ते तुझ्या कानावर गेलं का? अरे, पोरगी कशी आहे? गाडी कुठंय? मला बघू तरी दे रे. मार खाता खाता.

गाडी मी घरी आणली. तुला द्यायच्या आधी माझीच होती ती, तिच्या सगळ्या नाटकांची मला सवय. तरी उघडायला हात धजेना, कारण छकुलीची चप्पल सायलेन्सरवर वितळून चिकटली होती. ती आधी खरवडून काढली. मी काही शिकून झालेला मेकॅनिक नाही. उघडायचं, बोटं कापून घ्यायची, पुन्हा जोडायचं, असं करत शिकलो. वेगात गाडी डुलायला लागली की थरकाप हातांना कळतो, म्हणून जो तो हँडलवर खापर फोडतो. मीही आधी पुढंच पाहिलं. पुढचं चाक अधांतरी धरून हँडल सावकाश फिरवलं. लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं, मधे कुठं अडलं नाही. पुढच्या चाकाचे दोन्ही शॉकअप धरून मागंपुढं ओढले. खरचटलेत, पण खटका नाही की वाक नाही. पैलवानाचं काम चोख होतं. मग मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोरी लावून ती पुढच्या चाकापर्यंत ताणली. एकीकडे दोरी पुढच्या टायरला घासत होती, दुसरीकडे बोटभर लांब. मागचं चाकच तिरकं बसलं होतं. चेन ताणायचे दोन बोल्ट असतात ना, चाकाच्या दोन बाजूंना? एक चांगलाच आवळलेला, दुसरा होता तिथंच. चाकाचा मोठा नट तर माझ्या नुसत्या हातानं फिरला. मी स्वतःची समजूत घातली, पडल्यामुळं झालं असेल. पण पडून बोल्ट असा आवळला जात नाही बाबा, त्याला हात लागतो. आणि नटाच्या कडा कुणीतरी भलत्याच मापाच्या पान्यानं नुकत्याच खाल्ल्या होत्या.

मग छकुलीला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, अहो मामा, आदल्या संध्याकाळी दादाच चेन ताणत होता की! गॅरेजातून आणली आणि म्हणाला खडखडतेय. मी म्हटलं, पैलवानकाकांकडे घेऊन जा, तर म्हणे, चेन ताणायला काय वकील करायचा? तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि बोलत बोलत गेला तो गेलाच. एवढं सांगून ती पुन्हा माझी मिशी रंगवायला लागली. मी बाहेर आलो, हाताला लागला तो हातोडा घेतला आणि गाडीचा दिवा फोडला, टाकी चेचली. शेजारपाजारचे गोळा झाले. खरं सांगतो, तू समोर असतास तर टाकी वाचली असती.

पैलवानानं पोलिसांना सांगितलं की जॅक सटकून गाडी हातावर पडली. तो घाबरला असं तुला वाटत असणार, मलाही वाटलं होतं. काल दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसलो तेव्हा खरं काय ते कळलं. म्हणाला, भाऊ, मीच कुठलातरी नट सैल सोडला असणार, पुन्हा पुन्हा आठवून बघतो, आठवत नाही. पोरीचा पाय माझ्यामुळं मोडला, या हाताला मिळालं ते बरोबरच मिळालं. सोमवारी त्याची दोन बोटं काढणार आहेत. संमतीच्या कागदावर त्यानं डाव्या हाताचा अंगठा उमटवला, कुरकुरलाही नाही. हे त्याला तुझ्या तोंडून कळायला हवं, आणि बोटं जाण्याआधी कळायला हवं, की ती बोटं चुकली नव्हती. येऊन सांग. धीर होत नसेल तर लिहून सांग. रविवारपर्यंत काही आलं नाही तर त्याला मी सांगेन, आणि पोलिसांनाही सांगेन, मग तुझी आई माझं तोंड बघो न बघो. मला उत्तर नको. त्याला लिही, आणि लवकर लिही.

तुझाच,
मामा