तुपाच्या डब्यातली पट्टी

बाई, आज सकाळी एका विद्यार्थिनीचा लघुप्रबंध तपासता तपासता मी पेन्सिल खाली ठेवली आणि तुमचं मुलुंडचं स्वयंपाकघर आठवलं. आठवलं म्हणजे गळा दाटून वगैरे आला नाही. तसं काही लिहिलं असतं तर तुम्ही तेच आधी काढायला लावलं असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या होतात, त्याहून मी आता मोठी आहे. डोळ्यांसमोर येतो तो काळ्या कडप्प्याचा ओटा, खिडकीत वाळत घातलेले कागद आणि तुमची पाठ. तुम्ही आमच्याकडे पाठ करूनच ऐकायचात. एका वाक्याबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे. ते वाक्य तुम्हाला फार आवडलं होतं. ते खरं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. समाजशास्त्राचं एम.ए. मराठीतून करणारे आम्ही पाचसहा जण, आणि आमच्या लघुप्रबंधांच्या मार्गदर्शक तुम्ही. कॉलेजात तुम्ही फक्त सही करायचात, खरं काम रविवारी सकाळी घरी. मी घाटकोपरहून यायचे. आल्यावर पहिल्यांदा हात धुवायचे आणि मोड आलेले वाल सोलायला बसायचं. ज्याची पाळी असेल त्याने स्टुलावर बसून आपलं प्रकरण मोठ्याने वाचायचं. तुम्ही फोडणी देताय, पीठ मळताय, भांडी विसळताय, आणि मध्येच पाठमोऱ्याच म्हणताय, 'थांब.' वाचणारा थांबला की विचारायचात, 'ह्यात कोण काय करतंय?' त्याला ते साध्या शब्दांत सांगता आलं तर तेच लिहायचं. सांगता आलं नाही तर त्यालाच ते कळलेलं नाही, म्हणून ते वाक्य जायचं. श्वास जिथे अडखळला तिथे स्वल्पविराम, दोनदा अडखळला तर पूर्णविराम. विरामचिन्हांबद्दल आम्हाला तुमच्याकडून मिळालेलं शिक्षण एवढंच, आणि ते आजपर्यंत पुरलं आहे.

माझ्या पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य अकरा ओळींचं होतं. मी ते घरी आरशासमोर वाचून आले होते. तुम्ही तिसऱ्या ओळीला थांबवलंत.

'पाण्याचा घोट घे,' म्हणालात. 'आणि मग मला सांग, तुला काय म्हणायचंय.'

'बाई, उपनगरांच्या औद्योगिक स्थित्यंतराच्या अनुषंगाने...'

'ते वाचलंस. तुला काय म्हणायचंय?'

'कारखाने आले. खाडी बदलली. तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांचं काय झालं ते मला बघायचंय.'

'मग हे लिहायला काय झालं? लाज वाटते?'

बाकीचे वालांच्या पातेल्यात बघून हसत होते. लाज वाटत होतीच. आमच्या चाळीतली एम.ए.ला गेलेली मी पहिली, आणि सगळ्यांना कळेल असं लिहायचं तर मग इतकं शिकून काय उपयोग, असं मला खरंच वाटायचं. तुम्ही ते ओळखलंत की नाही माहीत नाही. तुम्ही फक्त खिळ्यावरची कात्री काढून माझ्या हातात दिलीत. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं हा तुमचा नियम कशासाठी ते तेव्हा कळलं. प्रकरण ओळीओळीने कापायचं, पट्ट्या पालथ्या परातीवर मांडायच्या, हलवायच्या, काही उचलून बाजूला ठेवायच्या, आणि मग मैद्याच्या खळीने नव्या कागदावर चिकटवायच्या. उचललेल्या पट्ट्या मात्र फेकायच्या नाहीत. प्रबंधाची बांधणी होईपर्यंत त्या तुपाच्या रिकाम्या डब्यात. माझं पहिलं प्रकरण अकरा पानांवरून चार पानांवर आलं त्या दिवशी तुम्ही राखेने घासून लख्ख केलेला एक डबा माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, 'हा तुझा.' त्याला झाकण घट्ट बसत नव्हतं. अजूनही बसत नाही.

मग मी माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून असलेल्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात, जायला लागले. चेंबूरहून बस, पुढे चालत. चौथ्या-पाचव्या खेपेला एका कोळणीशी ओळख झाली. चाळिशीची असेल. चेंबूरच्या बाजारात पाटी घेऊन बसायची आणि दुपारी घरी आल्यावर ओटीवर जाळं पुढ्यात घेऊन माझ्याशी बोलायची. मी विचारलं, खाडीतली मासळी आता पहिल्यासारखी खपते का? ती काय म्हणाली ते मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं: 'मासली मिलत नाय असा नाय, मिलते. लोक बोलतान तेलाचा वास येतो. मना काय येत नाय. आता माझाच नाक गेला असंल तर मना कसा कलंल? गिऱ्हाईक घेतं. एकादी बाय वास घेऊन ठेवून देते, ती पयलेपन ठेवायची. तू काय लिवतंस?' एवढं बोलून ती हसली आणि चहा टाकायला उठली.

हे मी तिसऱ्या प्रकरणात घातलं. तुमच्याकडे वाचलं तेव्हा तुम्ही पोळ्या लाटत होतात. 'थांब,' म्हणालात. 'ती नक्की काय म्हणते ते मला कळलं नाही. वास येतो की येत नाही? खपते की खपत नाही? बघ जरा.' बघ जरा. एवढंच म्हणालात तुम्ही, मी हे शब्द नीट आठवून लिहिते आहे. परत तिच्याकडे जाऊन विचार, असा त्याचा अर्थ असणार. मला तेव्हा माझ्याच वाक्यांची कापाकापी करायची इतकी सवय झाली होती की मी घरी आले आणि कात्री घेतली. माझी वाक्यं जशी कापायची तशीच तिची कापली. 'असा नाय' गेलं, नाक गेलं, हसणं गेलं. उरलं त्याला जोड देऊन नव्याने लिहिलं, तिच्या मूळ बोलण्याची पट्टी अख्खीच डब्यात टाकली, आणि पुढच्या रविवारी वाचलं: 'आमच्या मासळीला तेलाचा वास येतो, म्हणून आता कोणी घेत नाही.'

तुम्ही लाटणं ठेवलंत. वर्षभरात पहिल्यांदा वळून माझ्याकडे बघितलंत. 'हं,' म्हणालात. 'आता बोलली ती.' आणि मग, पिठाचे हात तसेच धरून, 'तिचंच आहे ना हे?'

'हो बाई.'

खोटं बोलायचं असं काही ठरवलेलं नव्हतं. तुम्ही वळलात याचा मला इतका आनंद झाला होता की त्या वेळी तुम्ही काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

त्यानंतर त्या वाक्याचं भाग्य उजळलं. पुढच्या वर्षीच्या मुलांना तुम्ही ते वाचून दाखवायला लागलात: असं लिहा, असं ऐका. आणि एका रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत उपनगरांतल्या जुन्या गावांवर तुमचा लेख आला. लेखाच्या मधोमध चौकटीत, ठळक अक्षरांत, ते वाक्य. खाली 'माहुलची एक कोळीण'. लेखाच्या शेवटी माझे आभार. मी तो घरी मोठ्याने वाचला. आई मोरीपाशी बांगडे साफ करत होती. तिने मान वर न करता विचारलं, 'ह्या कोण म्हणाला?'

'माहुलची कोळीण.'

'आपल्या माशाक वास येता म्हणान खयची कोळीण सांगात गो? येडी काय ती?'

आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं. तुमच्या घरी मासळी शिजत नव्हती, त्यामुळे तुम्हाला खटकलं नाही हे मी समजू शकते. माझ्या घरी रोज शिजत होती. आई पहाटे बाजारात कोळणीशी कशी हुज्जत घालते आणि कोळीण आपल्या पाटीची कशी बाजू घेते, हे मी जन्मापासून बघत आले होते. तरी मला ते कापताना आठवलं नाही. मी आईला म्हटलं, 'तुला नाही कळायचं,' आणि पुरवणी घडी घालून ठेवली.

पंधरा दिवसांनी निकालाचे पेढे घेऊन मी माहुलला गेले. ती ओटीवर होती. पेढा खाल्ला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, 'बरा झाला तू आलीस. माझा एक काम कर. पेपरात कोनी लिवलंय, माहुलच्या मासलीला वास येतो. आनि आमीच बोललो असा लिवलंय! बाजारात गिऱ्हाईक इचारतं, तू माहुलचीच ना? मंग मासली उचलून नाकाला लावते नि ठेवून देते. रोज. बाजूवाली गालात हसते. आमच्यातली कोन बोलली तिचा मना नाव पायजे.'

मी पेढ्यांच्या पुड्याची दोरी पुन्हा बांधत बसले.

'तू शिकलेली हायस. त्या पेपरवाल्यांना दोन ओली लिव. असा आमी कोन बोललो नाय, एवढाच.'

'लिहिते,' मी म्हटलं. निघताना तिने पिशवीत सुके बोंबील घातले, घरी नेऊन वास घेऊन बघ म्हणाली. तिने माझ्यावर संशय घेतला असता तर बरं झालं असतं, असं मला परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं. मला स्वतःची शिसारी आली होती, हे एक वाक्य मी इथे ठेवते. तुम्ही काढायला लावलं असतंत तरी.

पुढच्या रविवारी मी तुम्हाला सांगायचं ठरवून मुलुंडला आले. तुम्ही नव्या मुलांना वाल देऊन बसवलं होतंत आणि मी दारात दिसताच म्हणालात, 'ही बघा. ते माहुलचं वाक्य हिचं.' हिचं, असं म्हणालात. बोलण्याच्या ओघात. मुलं माझ्याकडे आदराने बघायला लागली, आणि मी हात धुवून वाल सोलायला बसले. त्यानंतर दिवाळी आली, मग तुमचं दुखणं निघालं. दवाखान्यात तुमच्या उशाशी कोणाचं तरी प्रकरण होतं आणि पेन्सिल धरवत नव्हती. तुम्ही मला विचारलंत, 'माहुलला परत जाऊन आलीस की नाही?' मी म्हटलं, 'जाईन.' दोन ओळी त्या आठवड्यात लिहिता आल्या असत्या. तुमचं नाव खाली जाईल, तुम्ही अशा पडलेल्या असताना, असं मी स्वतःला सांगितलं. तुम्ही गेल्यावर, आता मेलेल्या माणसाची चूक कशाला काढायची, असं सांगितलं. चूक तुमची नव्हतीच, ती मुळात माझी होती, हे मात्र दोन्ही वेळेला सोयीस्करपणे गाळलं. गाळायला तोपर्यंत मी चांगलीच शिकले होते.

माझी नोकरीची सगळी वर्षं मुलांचं लिखाण सुधारण्यात गेली. लोक म्हणतात मॅडमच्या हाताखालून गेलेलं वाक्य स्वच्छ होतं. आज जिचा लघुप्रबंध तपासत होते ती मुलगी अंधेरीतल्या घरकाम करणाऱ्या बायकांवर लिहिते आहे. पान बेचाळीसवर एका बाईचं वाक्य होतं, इतकं सुबक की मी तिला फोन लावला.

'ही असंच म्हणाली?'

'मॅडम, म्हणजे ती खूप फिरवून फिरवून बोलत होती ना, तर मी थोडं क्लीन केलंय. मीनिंग तेच आहे.'

'वही आहे?'

'आहे ना.'

'ती म्हणाली ते सगळं घाल. कळलं नाही तर परत जा तिच्याकडे.'

'सगळं? वाट लागेल चॅप्टरची, मॅडम.'

'लागू दे,' म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर कपाटावरचा डबा खाली काढला. पट्टी आत आहे. शाई तपकिरी झाली आहे, कडेला खळीचा डाग आहे. 'तू काय लिवतंस?' हे शेवटचे शब्द जरा तिरके कापले गेले आहेत, बाकी सगळं नीट वाचता येतं. मग मी कागद घेतला आणि त्या दोन ओळी लिहिल्या. माहुलच्या कोळणीने तसं म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं आणि तिच्या नावावर घातलं. मोठ्याने वाचून बघितल्या. कुठेही अडखळायला झालं नाही.

हे पत्र आता घडी करून त्याच डब्यात, पट्टीच्या शेजारी ठेवणार आहे. त्या दोन ओळींना एवढी पानं का लागली, असं तुम्ही विचारलं असतंत, म्हणून तेही सांगते. ती कोळीण अजून असेल. ऐंशीच्या घरात असेल, पण असेल. चेंबूरहून बस अजून जाते. जायचं तिच्याकडे होतं, आणि मी लिहायला बसले तुम्हाला, कारण तुम्ही आता 'थांब' म्हणणार नाही.